दर महिन्याची तीच ती कामे मॅक्रोकडे सोपवताना

कोथरूडमधील आमच्या सहकारी गृहरचना संस्थेत ७२ सदनिका आहेत आणि गेली काही वर्षे खजिनदार या नात्याने देखभाल शुल्काचा हिशेब माझ्याकडे आहे. महिना संपला की बँकेच्या संकेतस्थळावरून खातेउतारा सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, उतरवून घ्यायचा, त्याच्या माथ्यावरच्या खातेक्रमांक, शाखा, पत्ता वगैरे ओळी काढून टाकायच्या, नावे रकमा वगळून फक्त जमा रकमा ठेवायच्या, तपशिलाच्या लांबलचक मजकुरातून सदनिकेचा क्रमांक शोधून वेगळ्या स्तंभात लिहायचा, ती नोंद सभासदांच्या यादीशी जुळवायची, १० तारखेनंतर आलेल्या रकमांवर व्याज लावायचे आणि शेवटी थकबाकीदारांची यादी सूचनाफलकासाठी छापायची, असा हा सगळा क्रम आहे. यात डोके चालवावे लागते ते एक-दोन ठिकाणी. बाकीची सगळी बोटांची हमाली आहे. भोसरीच्या कारखान्यातील हजेरीपट, मार्केट यार्डातील गाळ्यावरचा रोजचा आवक-जावक तक्ता किंवा शाळेतील गुणपत्रक सांभाळणाऱ्यालाही ही हमाली ओळखीची वाटेल. मॅक्रो नावाची सोय याच हमालीसाठी आहे.

स्प्रेडशीटमध्ये आपण क्रमाने केलेल्या क्रिया सूचनांच्या रूपात लिहून ठेवल्या आणि संगणकाने त्या एका इशाऱ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा केल्या, की त्या सूचनांच्या संचाला मॅक्रो म्हणतात. सूत्र आणि मॅक्रो यांतील फरक इथेच लक्षात घ्यावा. बेरजेचे किंवा शोधाचे सूत्र ज्या सेलमध्ये लिहिले आहे त्याच सेलमध्ये उत्तर देते आणि आजूबाजूच्या कशालाही हात लावत नाही. मॅक्रो मात्र फाइल उघडू शकतो, ओळी पुसू शकतो, नवे शीट जोडू शकतो, छपाईचा आदेश देऊ शकतो. त्याची उपयुक्तता आणि त्याचा धोका या दोन्ही गोष्टी याच एका गुणातून येतात.

हा शब्द ग्रीक ‘माक्रोस’वरून, म्हणजे लांब किंवा मोठा या अर्थाच्या शब्दावरून आला. संगणकाच्या जुन्या असेम्ब्ली भाषेत एका छोट्या नावाच्या जागी सूचनांची मोठी मालिका उलगडत असे, तिला मॅक्रो म्हणत. तोच शब्द पुढे हिशेबाच्या पत्रकात आला. १९८३ साली बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅममध्ये मॅक्रो म्हणजे अक्षरशः कळा दाबण्याचा क्रम असे, आणि तो पत्रकाच्याच एखाद्या कोपऱ्यातील सेलमध्ये मजकूर म्हणून लिहून ठेवत. १९९३ च्या एक्सेल ५ पासून मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स, म्हणजे व्हीबीए, ही स्वतंत्र भाषा त्यात जोडली आणि आजही डेस्कटॉपवरील एक्सेलमध्ये बहुतेक मॅक्रो याच भाषेत लिहिलेले सापडतात.

भाषा शिकल्याशिवाय सुरुवात करता यावी यासाठी एक्सेलमध्ये रेकॉर्डर आहे. त्याची बटणे ‘डेव्हलपर’ या टॅबमध्ये असतात आणि हा टॅब सुरुवातीला लपवलेला असतो. वरच्या रिबनवर, म्हणजे बटणांच्या पट्टीवर, माउसची उजवी कळ दाबून रिबनच्या मांडणीत जाऊन त्याच्यापुढे खूण केली की तो दिसू लागतो. ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबल्यावर एक छोटी चौकट नाव विचारते, ज्यात मोकळी जागा चालत नाही. मग कीबोर्डवरची जोडकळ विचारते, आणि इथे ‘कंट्रोल’ व ‘सी’ अशी रोजच्या वापरातली जोडी दिली तर ती फाइल उघडी असेपर्यंत नक्कल करण्याची नेहमीची कळ आपल्या मॅक्रोच्या ताब्यात जाते, म्हणून ‘शिफ्ट’सह तीन कळांची जोडी निवडावी. तिसरा प्रश्न मॅक्रो कुठे साठवायचा हा. याच फाइलमध्ये साठवला तर तो त्या फाइलबरोबर राहतो; ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’ निवडले तर तो आपल्या संगणकावरच्या एका लपलेल्या फाइलमध्ये जाऊन बसतो आणि एक्सेलमध्ये उघडलेल्या कोणत्याही पत्रकावर चालवता येतो. बँकेचा उतारा दर महिन्याला नव्या फाइलमध्ये येत असल्याने मी दुसरा मार्ग निवडला. त्यानंतर आपण जे काही करू ते ‘स्टॉप रेकॉर्डिंग’ दाबेपर्यंत नोंदले जाते. मॅक्रो याच फाइलमध्ये ठेवायचा असेल तर ती नेहमीच्या एक्सएलएसएक्स प्रकारात साठवून चालत नाही, कारण त्या प्रकारात मॅक्रो राहूच शकत नाहीत. एक्सएलएसएम हा प्रकार निवडावा लागतो. साठवताना एक्सेल तशी सूचना देते; पहिल्याच दिवशी ती घाईने ‘हो’ म्हणून बाजूला सारणाऱ्या माणसाची सगळी मेहनत वाहून जाते.

रेकॉर्डर सुरू करण्यापूर्वी मात्र एक काम संगणकाबाहेर करावे, असा माझा आग्रह आहे. आपण जे करतो ते साध्या मराठीत कागदावर क्रमाने लिहून काढावे. वर मी उताऱ्याच्या कामाचे जे लांबलचक वाक्य लिहिले, ते असेच एका पाठकोऱ्या कागदावर तयार झाले होते. लिहिताना जिथे पेन अडखळते, उदाहरणार्थ ‘ज्या नोंदीत सदनिकेचा क्रमांक नाही तिचे काय करायचे?’, तिथे आपण आजवर न कळत काही निर्णय घेत होतो असे उमगते. रेकॉर्डर हालचाली टिपतो. त्यामागचा निर्णय त्याला दिसत नाही.

याचा पहिला प्रत्यय लगेच येतो. एप्रिलच्या उताऱ्यात ६४ ओळी होत्या. मी त्या निवडल्या, क्रमवार लावल्या, नीट चौकटी आखल्या आणि हे सगळे रेकॉर्ड झाले. मे महिन्यात ७१ ओळी आल्या. मॅक्रोने इमानदारीने वरच्या ६४ ओळींवर काम केले आणि खालच्या सात ओळी जशा होत्या तशाच सोडून दिल्या. कोणतीही चूक झाल्याचा संदेश आला नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. ‘ऑल्ट’ आणि ‘एफ११’ दाबून मॅक्रोची संहिता (कोड) उघडली तर कारण समोर लिहिलेले दिसते. मी मनात म्हटले होते ‘सगळ्या ओळी’, आणि रेकॉर्डरने लिहिले होते ‘ए २ पासून एफ ६५ पर्यंतचा भाग’.

रेकॉर्डरजवळच ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ असे एक बटण असते. ते दाबून रेकॉर्ड केले तर ठरावीक पत्त्याऐवजी ‘सध्याच्या सेलपासून तीन घरे उजवीकडे’ अशा सापेक्ष भाषेत नोंद होते. त्याचा उपयोग आहे, पण ओळींची संख्या बदलते या अडचणीवर ते पुरेसे औषध नाही. खरे औषध म्हणजे संहितेत एक ओळ हाताने घालणे, जी पत्रकाच्या अगदी तळाशी जाते आणि तिथून वर चढत पहिल्या भरलेल्या सेलपाशी थांबते. त्या सेलच्या ओळीचा क्रमांक म्हणजे आपल्या माहितीची शेवटची ओळ. वरून खाली येण्यापेक्षा खालून वर जाणे बरे, कारण मधली एखादी ओळ रिकामी असली तर वरून येणारा तिथेच थबकतो. हा क्रमांक एका नावाखाली साठवला आणि जिथे जिथे ६५ लिहिले होते तिथे ते नाव लिहिले, की उताऱ्यात ४० ओळी असोत वा ४००, मॅक्रो तेवढ्याच ओळी घेतो. व्हीबीए शिकायची म्हणजे सुरुवातीला इतकेच करायचे असते: रेकॉर्डरने दिलेला कच्चा खर्डा वाचायचा आणि त्यातले आकडे बदलून तिथे हेतू लिहायचा.

आपल्या सोसायटीच्या सात ओळी सुटल्या तर फार तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाब विचारतो. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडल्याचे उदाहरण इंग्लंडमधले आहे. तिथे २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून निसटल्या, आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही त्यामुळे लांबला. प्रयोगशाळांकडून येणारी माहिती एका स्वयंचलित प्रक्रियेने एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलींत ओतली जात होती. त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते, तर २००७ पासूनच्या प्रकारात ती १०,४८,५७६ ओळींची आहे. पेला भरल्यावर उरलेले पाणी सांडत होते आणि ओतणारे यंत्र होते, म्हणून ते कोणाच्या लगेच लक्षात आले नाही. यावरून मी एक सवय लावून घेतली आहे. माझा मॅक्रो शेवटी दोन आकडे शेजारी शेजारी लिहितो: मूळ उताऱ्यातील जमा रकमांची बेरीज आणि तयार झालेल्या यादीची बेरीज. ते जुळत नसतील तर पुढची छपाई होतच नाही.

आता तारखांकडे वळतो, कारण आपल्याकडच्या माणसाला मॅक्रो सर्वांत जास्त कुठे गोत्यात आणत असेल तर इथेच. एक्सेल तारीख ही तारीख म्हणून साठवत नाही. १ जानेवारी १९०० ला १ धरून पुढचे दिवस मोजते आणि तो आकडा साठवते. ७ जून २०२३ म्हणजे ४५,०८४. (जाता जाता सांगायचे तर या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे, लोटसमधली चूक, त्याच्या पत्रकांशी जुळते राहावे म्हणून, एक्सेलने जाणूनबुजून उचलली.) सीएसव्ही फाइलमध्ये मात्र नुसता मजकूर असतो: ०७/०६/२०२३. ती फाइल आपण हाताने उघडतो तेव्हा एक्सेल संगणकाची प्रादेशिक मांडणी पाहते आणि ती भारतीय असेल तर पहिला आकडा दिवस, दुसरा महिना असे वाचते. तीच फाइल मॅक्रोने उघडली तर व्हीबीए, वेगळे काही न सांगितल्यास, अमेरिकी पद्धतीने आधी महिना आणि मग दिवस वाचते. रेकॉर्ड करताना फाइल आपण हाताने उघडलेली असल्याने सगळे बरोबर दिसते. पुढच्या महिन्यात मॅक्रो तीच क्रिया करतो आणि तारखा उलटतात.

आमच्या संस्थेत जून महिन्याच्या हिशेबात नेमके हेच झाले. १ जूनला पैसे भरणाऱ्याची तारीख ६ जानेवारी झाली, ५ जूनची ६ मे झाली, आणि त्यांना कोणाला व्याज लागले नाही म्हणून कोणी तक्रारही केली नाही. ६ जूनला उलटवले तरी ६ जूनच. १२ च्या पुढच्या दिवसांना महिना समजणे शक्यच नसल्याने त्या तारखाही उलटल्या नाहीत आणि यादी चाळताना बऱ्याच नोंदी अगदी योग्य वाटल्या. मुदतीत भरूनही अडकले ते ७ ते १० जून या चार दिवसांत भरणारे. शेवटच्या दिवशी, पण मुदतीत, पैसे भरणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची १० जून ही तारीख ६ ऑक्टोबर झाली आणि त्यांच्या बिलात ११८ दिवसांचे व्याज चढले. त्यांनी सूचनाफलकावर जी चिठ्ठी लावली ती पुण्यातील पाट्यांच्या थोर परंपरेला साजेशी होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात केलेल्या हिशेबात ऑक्टोबरची जमा कशी काय दिसते, असा अगदी रास्त प्रश्न त्यात होता, आणि तो प्रश्न मॅक्रोला विचारायला मी शिकवले नव्हते.

दुरुस्ती एका शब्दाची आहे. फाइल उघडण्याच्या सूचनेत ‘लोकल’ या पर्यायापुढे ‘ट्रू’ लिहिले की व्हीबीए संगणकाची स्वतःची मांडणी मानते. त्याशिवाय आता माझा मॅक्रो प्रत्येक तारीख उताऱ्याच्याच महिन्यातील आहे का हे तपासतो आणि एकही बाहेरची सापडली तर काम थांबवून ती ओळ दाखवतो. काकूंचे व्याज अर्थातच वजा केले. चिठ्ठी मात्र त्यांनी आणखी आठवडाभर तशीच ठेवली.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण येते आणि तिची माहिती इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा मिळत नाही. एक्सेलच्या सेलमध्ये देवनागरी व्यवस्थित चालते, पण व्हीबीएची संहिता लिहायची खिडकी जुन्या घडणीची असून तिला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवण्याची आजची प्रमाण पद्धत, कळत नाही. तिथे ‘थकबाकी’ लिहायला गेले की प्रश्नचिन्हांची रांग उमटते, आणि मॅक्रोने दाखवायच्या नेहमीच्या संदेशचौकटीतही तीच गत होते. यावर सोपा तोडगा असा की मराठी शब्द संहितेत लिहायचेच नाहीत. एका वेगळ्या शीटवर लागणारे सर्व शब्द व वाक्ये सेलमध्ये लिहून ठेवावीत, आणि मॅक्रोला ‘त्या शीटच्या दुसऱ्या सेलमधील मजकूर इथे घाल’ एवढेच सांगावे. जुन्या नोंदी पुण्यातच तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या प्रणालींतील युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, कारण अशा फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘क’ दिसत असला तरी आत दुसरेच चिन्ह साठवलेले असते आणि मॅक्रो त्याची तुलना खऱ्या ‘क’शी करून ‘जुळत नाही’ असे सांगतो. नावांवरून जुळवणी करण्याच्या फंदात मी त्यामुळे पडत नाही. सभासदांना पैसे पाठवताना शेऱ्यात सदनिकेचा क्रमांक लिहायची विनंती केली आहे, आणि ‘बी-७०४’, ‘बी ७०४’, ‘७०४ बी’ अशी त्याची सगळी रूपे मॅक्रो रेषा व मोकळ्या जागा काढून एकाच रूपात आणतो.

मॅक्रो चालवण्यापूर्वी फाइलची प्रत ठेवावी, हे वाक्य नुसते काळजीपोटी लिहिलेले नाही. एक्सेलमध्ये मॅक्रोने पत्रकात बदल केले की ‘कंट्रोल’ व ‘झेड’ दाबून मागे जाण्याची सोय त्या क्षणापुरती संपते. मॅक्रोने पुसलेल्या ओळी परत येत नाहीत आणि त्याआधी आपण हाताने केलेल्या क्रियाही उलटवता येत नाहीत. नवा मॅक्रो तपासताना तो एकदम धावू देण्यापेक्षा संहितेची खिडकी आणि पत्रक शेजारी ठेवून ‘एफ८’ ही कळ दाबत जावी. प्रत्येक दाबीला एकच सूचना अमलात येते आणि कुठे पाऊल वाकडे पडते ते डोळ्यांसमोर दिसते. इंटरनेटवरून उतरवलेली किंवा एखाद्या एआय सहायकाकडून लिहून घेतलेली संहिताही प्रथम अशीच चालवावी, कारण तिला आपल्या उताऱ्याच्या माथ्यावर किती ओळी असतात हे माहीत नसते.

दुसऱ्याच्या फाइलमधील मॅक्रोबाबत वेगळी सावधगिरी लागते. मार्च १९९९ मध्ये पसरलेला मेलिसा हा विषाणू म्हणजे वर्डच्या फाइलमधला एक मॅक्रोच होता. फाइल उघडली आणि मॅक्रोला परवानगी मिळाली की तो आउटलुकमधील पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवून देत असे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच रोखून धरले आहेत. त्यामुळे एखाद्या सभासदाने ईमेलने पाठवलेली एक्सएलएसएम फाइल उघडल्यावर वर लाल पट्टी दिसली तर संगणक बिघडला असे समजू नये. पाठवणाऱ्याला विचारून खात्री झाली, तरच फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’पुढे खूण करावी. सगळेच मॅक्रो विनाअट चालू देणारा पर्याय सेटिंगमध्ये असतो. तो निवडू नये.

प्रत्येक कंटाळवाण्या कामाला मॅक्रो हवाच असेही नाही. सदनिकेनुसार बेरीज हवी असेल तर ‘समइफ्स’ हे सूत्र किंवा पिव्होट तक्ता (गटवार बेरजा आपोआप मांडणारी सोय) पुरतो. बारा महिन्यांच्या बारा फाइली एकत्र करायच्या असतील तर एक्सेल २०१६ पासून अंगभूत असलेली पॉवर क्वेरी मला अधिक सुरक्षित वाटते, कारण ती मूळ फाइलींना हात न लावता त्यांच्यावरून नवा तक्ता बनवते. गूगल शीट्समध्ये २०१८ पासून मॅक्रो रेकॉर्ड करता येतात, पण ते जावास्क्रिप्टवर आधारलेल्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये नोंदले जातात आणि एक्सेलचे व्हीबीए मॅक्रो तिथे चालत नाहीत. लिबरऑफिसची स्वतःची बेसिक भाषा आहे. तिथला रेकॉर्डर आधी पर्यायांत जाऊन चालू करावा लागतो.

आमचा मॅक्रो आता उतारा उघडण्यापासून यादी छापण्यापर्यंतचे काम एका मिनिटाच्या आत उरकतो. पाठकोऱ्या कागदावरचा तो क्रम टंकून फाइलच्या पहिल्याच शीटवर ठेवला आहे, म्हणजे पुढच्या खजिनदाराला संहिता वाचता आली नाही तरी काय चालले आहे ते कळेल. तरी प्रत्येक महिन्यात चार-पाच नोंदी अशा राहतातच, ज्यांत सदनिकेचा क्रमांक नसतो: बंगळुरूच्या मुलाने आईसाठी भरलेले पैसे, भाडेकरूने परस्पर पाठवलेली रक्कम, किंवा शेऱ्यात नुसते ‘मेंटेनन्स’. त्यांचा अंदाज बांधण्याची परवानगी मी मॅक्रोला दिलेली नाही. तो त्या ओळी पिवळ्या करून सोडतो, आणि मग मी फोन हातात घेतो.